डाव्या रकान्यात बंदूक

मर्लची इटालियन आहे, मखमली पेटीतली.
तेवढ्या पैशात लोरेटा व्होंड्राने
स्वयंपाकघरावर नवं छप्पर घातलं
आणि उरल्यासुरल्यात ही घेतली:
बारा बोअर, अर्धस्वयंचलित, तुर्की.
दस्ता अक्रोडाचा नाही, अक्रोडासारखा.

क्लबातले म्हातारे म्हणाले,
चारशे डॉलरची बंदूक म्हणजे
दोनशे बार, आणि मग दाराला अडसर.
ती काही बोलली नाही.
बावीस वर्षं ती शाळेची बस चालवते.
नेब्रास्कातल्या जानेवारीत, पहाटे साडेपाचला,
गोठलेल्या इंजिनाला बोलतं कसं करायचं
हे तिला ठाऊक आहे,
आणि नवीकोरी बसच आधी रुसते, हेही.

सोबतच्या पुस्तिकेत इंग्रजी होतं,
पण क्रियापद आपल्यासारखं शेवटी:
'प्रथम जड काडतुसे शंभर मारावी.'
तिने मारली.
खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग घेऊन
सोमवारी सबंध दिवस
एका हाताने बसचं दार उघडत राहिली.

मग वही. रेघ मारून दोन रकाने.
डावीकडे बंदूक, उजवीकडे मी.

हलकी काडतुसं, पहिली पेटी:
डावीकडे चार.
रिकामी पुंगळी बाहेर पडायची ती खिडकीतच उभी,
दारात कुत्रं आडवं बसावं तशी.
पहिली तबकडी फुटते,
दुसरी नारिंगी, निवांत,
मक्याच्या शेतापर्यंत जाऊन उतरते.
मर्लच्या घशात काहीतरी खवखवलं.
हसू असावं.

रात्री टेबलावर वर्तमानपत्र,
त्यावर पिस्टन, कडी, स्प्रिंग,
नातवाचा जुना टूथब्रश.
कारखान्यातलं ग्रीस मधासारखं दाट,
अजून वायूच्या भोकात बसलेलं.
तेवढंच होतं.
कडीवर एक कंगोरा राहिला होता,
तो तिने बारीक कागदाने घासला,
कुणा दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम
पुरं करावं तसा.
नळीवर त्याच्या गावाचं नाव ठोकलेलं,
एका अक्षराखाली शेपटी.
शाळेच्या नकाशात ते सापडलं नाही,
सापडलं ते जवळचं तळं.

पुढच्या पेटीत दोन. मग एक. मग
जून संपेपर्यंत डावा रकाना कोरा,
आणि उजव्यात
जागा पुरेना म्हणून तिने पान चिकटवलं.

सप्टेंबरात क्लबची स्पर्धा. वारा दक्षिणेचा.
शेवटच्या ठाण्याशी येताना तिचे चाळीस,
आजवर कधी छत्तीसच्या वर नाही.
उरलेली एकच जोडी.
हाक दिली. पहिली फुटली, धुराची फुली.
दुसरीवर नळी फिरली, बोट आवळलं,
आणि काहीच नाही.
खिडकीत पुंगळी. उभी.

भरवशाच्या म्हशीला टोणगा,
असं आपल्याकडे म्हणतात.
नेब्रास्कात त्यासाठी एकच लहान शब्द आहे,
तो ती मनात म्हणाली.

गुण मांडणारा ड्वेन जवळ आला, वाकून पाहिलं,
'यंत्राचा दोष. जोडी परत घे.'
तिने घेतली.
पहिली फुटली.
बंदुकीने या वेळी पुंगळी फेकली, लांब,
पुढचं काडतूस चढवलं, सगळं जिथल्या तिथे.
दुसरी तबकडी अख्खी गेली,
तिच्या छऱ्यांच्या एक वीत मागून.

मर्ल टोपी सारखी करत म्हणाला,
'पाहिलंस? स्वस्त माल ऐन वेळी दगा देतो.'

ट्रकच्या बॉनेटवर वही उघडून
तिने पेन्सिलीला थुंकी लावली.
डावीकडे एक.
उजवीकडे एक.
मग एकूण, पहिल्या दिवसापासून,
दोन हजार एकशे दहा बारांत:
बंदूक, आठ.
मी, सातशे चौदा.

वही तिने मर्लला दाखवली नाही.
मागून ड्वेन विचारत होता,
दुरुस्तीला टाकणार का हिला?
'हिला कशाला,' ती म्हणाली,
आणि खिशातली गरम पुंगळी
बाजूच्या पिंपात टाकली.